एक 'जी' कमी

६ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १.१०

नवी वही घेतली. जुनीत अकरा पानं कोरी होती, पण पहिल्याच पानावर समास वाकडा गेला होता. तसल्या वहीत माणूस सुधारत नाही.

संकल्प. एक: हायस्कूलच्या समकक्ष परीक्षेच्या पुस्तकातलं रोज एक प्रकरण. जूनमध्ये परीक्षा, म्हणजे जुलैपासून मी हायस्कूल पास. विषय संपला. दोन: गिऱ्हाइकाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघणे, शर्टाच्या गुंडीकडे नाही. तीन: टोस्टेड रॅव्हिओली आठवड्यातून एकदाच.

तिसऱ्याबद्दल थोडं. खिमा भरलेली पास्त्याची उशी, नाव टोस्टेड, पण तळतात तेलात. सेंट लुइसमध्ये नावाचा आणि वस्तूचा संबंध लावायला जाऊ नये. हायवेच्या पाटीवर चौसष्ट लिहिलंय, आम्ही चाळीस म्हणतो. तेही फॉर्टी नाही, 'फार्टी'. मी मात्र लिहिताना नेहमी फॉर्टीच लिहितो, 'यू' न घालता. पुष्कळ लोक 'यू' घालतात.

पुस्तक तीन वर्षांपासून आहे. चौदाव्या पानापर्यंत पाठ आहे.

७ फेब्रुवारी, मंगळवार

प्रकरण झालं नाही. विचार केला, बुधवारी सुरुवात करावी. सोमवारी सगळेच करतात, म्हणून कोणाचं टिकत नाही.

८ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी १२.४०

आज अक्षर मुद्दाम नीट काढतोय.

सकाळी दुकानात एक मुलगी आली. बोलिंगच्या ढालीची चौकशी करायला. नाव जोलीन क्राइटर. नाव मी कागदावर उतरवून घेतलं, तर म्हणाली, "अरे वा, क्राइटरचं स्पेलिंग पहिल्या फटक्यात बरोबर लिहिणारे तुम्ही पहिलेच." मी म्हणालो, ते माझं कामच आहे. मिसेस पोकोर्नींच्या दुकानात चार वर्षं कप, ढाली आणि पाट्या कोरतोय, एक अक्षर चुकलेलं नाही. हे सांगताना मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. संकल्प दोन यशस्वी.

मग तिने विचारलं, "कुठल्या हायस्कूलचे तुम्ही?"

या गावात नाव विचारायच्या आधी हे विचारतात. उत्तरावरून समोरच्याला सगळं कळतं: चर्च कुठलं, बाप काय करायचा, घरापुढे झाड आहे की बिघडलेला ट्रक. बाहेरगावचे लोक हसतात. मला स्वतःला प्रश्न अगदी योग्य वाटतो. फक्त मला विचारू नये.

एरवी मी खोकतो. किंवा "इथंच, साउथ साइडला," म्हणून हातातलं काहीतरी खाली पाडतो. आज हातात साडेचार किलोची ढाल होती, पाडण्यासारखी नव्हती. ढालीवर मी सेंट गुंथर हायस्कूल कोरत होतो. कुस्तीचा दुसरा क्रमांक.

म्हणालो, "सेंट गुंथर."

तिने टाळीच वाजवली. "बाबा पण!"

८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

शांतपणे विचार केला. हे खोटं नाही. चार वर्षांत सेंट गुंथरचं नाव मी साडेतीनशे वेळा तरी कोरलं असेल. तिथल्या मुलांनी चार वर्षांत एवढ्या वेळा लिहिलं नसेल. एका अर्थी मी तिथलाच.

प्रकरण झालं नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

आईला जोलीनबद्दल सांगितलं. शाळेबद्दल नाही. आई म्हणाली, "खरं सांगितलंस ना तिला?" मी विचारलं, कशाबद्दल? आई म्हणाली, "बरं," आणि भांडी घासायला लागली. भांडी स्वच्छ होती.

हे एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. दहावीत मला गालगुंड झालं. दोन आठवडे घरी. बरा झाल्यावर फाटकापर्यंत गेलो. सगळे गाल बघतील असं वाटलं. परत आलो. तिसऱ्या आठवड्यात, दोन ऐवजी तीन आठवडे का, हे कोण सांगणार, म्हणून गेलो नाही. चौथ्यात वाटलं, आता सरळ उन्हाळ्यानंतरच जावं, नवीन वर्ग, नवीन सुरुवात. असे आठ उन्हाळे झाले. शाळा मी सोडलेली नाही. मी रजेवर आहे.

१५ फेब्रुवारी, बुधवार

जोलीन ढाल न्यायला आली. सोबत गूई बटर केक. हा केक कोणा बेकरीवाल्याने लोण्याचं प्रमाण चुकवल्यामुळे झाला म्हणतात. आमच्या गावाने चूक फेकून दिली नाही, चौकोनी तुकडे करून विकली. मी दोन तुकडे खाल्ले. ती एका दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला आहे, म्हणून केक खाताना माझ्याकडे जरा काळजीने बघत होती. आता आम्ही अरे-तुरेवर आलो आहोत.

तिची शाळा सेंट ऑडिला. दोन 'एल'. सांगायच्या आधी मला माहीत होतं.

ती म्हणाली, बाबांना तुला भेटायचंय. मी म्हणालो, जरूर. त्यानंतर मिसेस पोकोर्नींनी मला खुर्ची दिली.

१८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी २

जोलीनबरोबर मिस्टर नॉर्बर्ट क्राइटर आले. निवृत्त प्लंबर. दारातूनच खांद्यावर थाप मारली, आवाज असा की कप किणकिणले.

"काय रे गुंथरवाल्या! जी कुठंय?"

कोण जी? मी भराभर विचार केला. फादर जी असणार. शाळेत मास्तरांना अशी नावं ठेवतात. मी म्हणालो, "अलीकडे गाठ नाही पडली."

मिस्टर क्राइटर इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. "जोलीन, हा पोरगा वस्ताद आहे! म्हणे, गाठ नाही पडली!"

मी पण हसलो. कशाला ते कळलं नाही, पण जमलं.

मग म्हणाले, अठरा मार्चला शाळेच्या जिममध्ये माजी विद्यार्थ्यांची ट्रिव्हिया नाइट आहे, सामान्यज्ञानाच्या प्रश्नांची स्पर्धा. त्यांच्या टेबलावर आठ खुर्च्या, पण एका मित्राचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. "आठवा तू. जोलीन येतेच आहे. आणि स्पेलिंगला आमच्यात सगळे दगड, लिहायला तू बस."

मी हो म्हणालो. जोलीनच्या चेहऱ्याकडे बघून कोणीही म्हणालं असतं.

नवा संकल्प: अठरा मार्चपर्यंत सेंट गुंथरचा पूर्ण अभ्यास. समकक्ष परीक्षेचं पुस्तक तात्पुरतं बाजूला. एका वेळी एकच शाळा.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत सेंट गुंथरचा वार्षिक अंक मिळाला, १९८७ चा. नशीब लागतं. शिक्षकांची नावं उतरवून काढली, आडनावाप्रमाणे लावली. एका पानावर शाळेच्या फाटकाचा फोटो आहे. वर दगडात ब्रीदवाक्य कोरलंय. 'ट्रूथ इज' एवढंच दिसतं, पुढचा शब्द झाडाआड गेलाय. झाड कोणी तरी छाटायला हवं होतं.

२५ फेब्रुवारी, शनिवार

क्राइटरांकडे जेवायला. पातळ पिझ्झा, त्यावर आमचं प्रोव्हेल चीज. बाहेरचे लोक म्हणतात ते दाताला चिकटतं. चिकटतंच. म्हणून तर तोंड बंद राहतं. मी मुद्दाम चार तुकडे घेतले.

तरी मिस्टर क्राइटरांनी गाठलंच. "तुला लॅटिन कोणी शिकवलं?"

मी पटकन म्हणालो, "ब्रदर लायनस."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "ब्रदर लायनस एक्याण्णवला गेले रे."

मी जन्मलो अठ्ठ्याण्णवला. मी म्हणालो, "त्यांच्या नोट्स होत्या."

मिस्टर क्राइटर बराच वेळ मान हलवत राहिले. म्हणाले, "माणूस जातो, नोट्स राहतात." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला लाज वाटली, पण तेवढीच अभिमानाची भावनाही होती, कारण उत्तर चांगलं होतं. लाज जरा जास्त होती. घरी चालत आलो, बस सोडून दिली.

१ मार्च, बुधवार. दुपारी १२.१५

मिस्टर क्राइटर आणि जोलीन ऑर्डर घेऊन आले. ट्रिव्हिया नाइटच्या विजेत्या टेबलासाठी आठ छोटे कप आणि एक मोठी ढाल. प्रत्येकावर शाळेचं ब्रीदवाक्य. चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहून आणली होती.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: ट्रूथ इज स्ट्रेंथ.

स्ट्रेंग्थ या शब्दातला 'जी' नाही. सरळ खाल्लेला.

म्हणाले, "फाटकावर आहे तस्सं हवं. तुला काय सांगायचं म्हणा!" आणि डोळा मारला.

मी मान डोलावून चिठ्ठी घेतली. बिचाऱ्यांनी आयुष्यभर पाइप जोडले. मोठ्या माणसाला त्याच्या मुलीच्या देखत लाजवू नये, हे कोणत्याही शाळेत शिकवावं लागत नाही.

३ मार्च, शुक्रवार

आठ कप आणि ढाल कोरून पूर्ण. 'जी' घातला. नऊही ठिकाणी. 'जी'ची शेपटी अशी सुंदर आली आहे की मी भिंगातून दोनदा बघितली. मिसेस पोकोर्नींनी चिठ्ठी बघून विचारलं, "इथं तर वेगळं दिसतंय?" मी म्हणालो, चिठ्ठीत चूक होती, सुधारली. त्या म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला फोन केलास?" मी म्हणालो, त्यांना ओशाळवाणं वाटेल.

त्या म्हणाल्या, "मुला, चाळीस वर्षं मी गिऱ्हाईक लिहील तेच कोरते. एकदा 'प्रिय आजोबास' असा कप कुत्र्यासाठी गेला होता. मी विचारलं नाही." पण त्या जुन्या पद्धतीच्या आहेत.

मिस्टर क्राइटरांना मी काही सांगणार नाही. पण कधीतरी, खूप वर्षांनी, कदाचित जावई म्हणून, त्यांना कळेल की त्या रात्री पाचशे लोकांसमोर त्यांची लाज कोणी राखली.

४ मार्च, शनिवार

'जावई' हा शब्द काल लिहिला गेला. खोडत नाही. खोडल्याने पान खराब दिसतं.

९ मार्च, गुरुवार

जोलीनबरोबर नदीकाठी चाललो. गावाच्या त्या प्रसिद्ध उंच कमानीखाली शाळेची सहल आली होती. तिने लहानपणच्या हॅलोविनची गोष्ट सांगितली. इथं पोराने दारात जोक सांगितल्याशिवाय गोळ्या मिळत नाहीत. ती दरवर्षी तोच जोक सांगायची. तिने विचारलं, तुझा कुठला होता? मी खरं सांगितलं. सातव्या वर्षी पहिल्याच दारात मी जोक विसरलो आणि ती बाई वाट बघत उभी राहिली, आणि मी तिला माझ्याकडच्या दोन गोळ्या देऊन परत आलो.

जोलीन खूप हसली आणि मग तिने माझा हात धरला. खरं सांगितल्यावर हात धरला, हे लक्षात आलं. त्याच वेळी शाळेचंही सांगून टाकायला हवं होतं. ठरवलं, आईस्क्रीम खाऊन झाल्यावर सांगू. झाल्यावर तिला उशीर होत होता.

१७ मार्च, शुक्रवार

उद्या. वार्षिक अंकातले सगळे शिक्षक पाठ. फुटबॉलचे निकाल पाठ. निळा शर्ट इस्त्री करून ठेवला. घसा खवखवतोय, खोकल्याच्या गोळ्या खिशात ठेवल्या.

उद्यानंतर जोलीनला सांगणार. एकदा रात्र नीट पार पडली, की खरं सांगणं अगदी सोपं जाईल. तोवर मी त्यांना आवडायला लागलेलो असेन.

१९ मार्च, रविवार. सकाळी ९

क्रमाने लिहितो. नीट लिहिलं तर कदाचित एवढं वाईट वाटणार नाही.

जिममध्ये साठेक टेबलं. प्रत्येकाने आपापलं खाणं आणलेलं. आमच्या टेबलावर मिसेस क्राइटरांनी पाठवलेलं सॉसेज, आणि ब्रेडसारखे उभे कापलेले बेगल, म्हणजे मधे भोक असलेले पाव. मी लिहायला बसलो. पहिल्या चार फेऱ्यांत आम्ही तिसरे होतो. टेनेसीचं स्पेलिंग पूर्ण जिममध्ये फक्त आमचं बरोबर होतं. मिस्टर क्राइटर शेजारच्या टेबलाला ओरडून सांगत होते, "आमचा पोरगा बघा! गुंथरचा!" इथे मलिगनचे स्टिकर विकत मिळतात, चुकलेल्या उत्तरावर चिकटवला की चूक माफ. मी मनात म्हणालो, आपल्याला गरज नाही.

पाचवी फेरी फक्त माजी विद्यार्थ्यांची. सूत्रसंचालक म्हणजे एक टकले गृहस्थ, त्यांनी माइक घेतला आणि एकच प्रश्न विचारला.

"जी कुठंय?"

सगळे पुरुष उभे राहिले. दोन-अडीचशे तरी असतील. सगळ्यांनी खिशात हात घातला आणि मूठ वर केली, आणि प्रत्येक मुठीत एक पितळी अक्षर. नखाएवढं. 'जी'. मिस्टर क्राइटरांचं इतकं झिजलं होतं की 'सी' वाटत होतं.

मीही उभा राहिलो. खिशात हात घातला. हाताला लागली ती वर केली.

खोकल्याची गोळी होती. कागदासकट.

जोलीन खुर्चीत बसूनच हळू आवाजात मला सांगत होती, बाबांकडून शंभरदा ऐकलेलं, मलाही पाठ असणार असं धरून. शंभर वर्षांपूर्वी फाटकाचा दगड कोरणाऱ्याने स्ट्रेंग्थमधला 'जी' गाळला. दगड बदलायची ऐपत नव्हती. तेव्हाच्या फादरनी पहिल्या दिवशी मुलांना सांगितलं, फाटकावर 'जी' नाही, तो तुम्ही आत घेऊन यायचा. तेव्हापासून पास होणाऱ्या प्रत्येकाला एक 'जी' मिळतो. तो कायम खिशात बाळगायचा, आणि ते स्पेलिंग कधी सुधारायचं नाही. "तुझा कुठंय?" तिने विचारलं. मी म्हणालो, दुसऱ्या पँटमध्ये.

त्याच क्षणी मला ढाल आठवली.

उठून स्टेजपर्यंत जायला हवं होतं. ढाल झाकून ठेवलेली होती, उचलून पळता आलं असतं. मी विचार केला, इतक्या लांबून कोण वाचणार? सूत्रसंचालकांनी ती माइकवर वाचली.

"ट्रूथ इज..." आणि थांबले. चष्मा लावला. "स्ट्रेंग्थ."

जिममध्ये इतकी शांतता झाली की कुणाच्या तरी पिशवीतला बर्फ खाली बसल्याचा आवाज आला. मग मागून कोणीतरी ओरडलं, "जी कोणी घातला?" आणि मग सगळेच. "जी काढा! जी काढा!" टेबलं बडवायला लागले. हसत होते, रागावलेले नव्हते. ते जास्त वाईट होतं. कप उचलून बघितले. "इथं पण आहे! इथं पण!" नऊही वाचले गेले.

मिस्टर क्राइटर हसत नव्हते. ते माझ्या हातातल्या गोळीकडे बघत होते. मी ती अजून खाली ठेवली नव्हती.

बाकीचं पार्किंगमध्ये. सगळे गेल्यावर ते गाडीला टेकून उभे राहिले. ओरडले नाहीत. म्हणाले, "ऐक. माझा पहिला बॉस आठवी पास होता आणि त्याच्याएवढं पाण्याचं कोणालाच कळायचं नाही. मला फरक पडत नाही. फक्त एक सांग. खरं कुठल्या शाळेतला तू?"

इतक्या सरळ कोणी विचारलं नव्हतं मला. आठ वर्षांत नाही. दार सताड उघडं होतं. फक्त एक पाऊल टाकायचं होतं.

मी म्हणालो, "सेंट ऑडिला."

मिस्टर क्राइटर टेकले होते ते सरळ झाले. मग म्हणाले, "ती मुलींची शाळा आहे."

जोलीन गाडीच्या पलीकडून म्हणाली, "माझी आहे."

१९ मार्च, दुपारी ४

वर लिहिलेलं पुन्हा वाचलं. दोन अनुस्वार राहिले होते, दिले.

मी असं का म्हणालो, याचा विचार करतोय. घाईत तोंडातून निघालं असं म्हणता येईल. पण मला विचार करायला पुरेसा वेळ मिळाला होता. मी श्वाससुद्धा घेतला होता.

२० मार्च, सोमवार

मिसेस पोकोर्नींना शाळेचा फोन आला. कप आणि ढालीवरच्या नऊच्या नऊ पट्ट्या पुन्हा कोरायच्या, गुरुवारपर्यंत.  त्यांनी मिस्टर क्राइटरांची चिठ्ठी माझ्या टेबलावर समोर उभी करून ठेवली आणि पडू नये म्हणून मागे वजन ठेवलं.

चुकीचं स्पेलिंग कोरणं फार अवघड असतं. प्रत्येक वेळी 'एन' झाला की हात आपोआप 'जी'कडे वळतो. सात पट्ट्या वाया गेल्या.

२२ मार्च, बुधवार. दुपारी १

जोलीन कप न्यायला आली. शाळेने कोणाला तरी पाठवायचं होतं, तिने "मी आणते" म्हणून सांगितलं. हे मिसेस पोकोर्नींनी मला हळूच सांगितलं. सांगून त्या मागच्या खोलीत गेल्या आणि मोठ्याने रेडिओ लावला.

जोलीनने कप एकेक करून तपासले. मग काउंटरवर हात ठेवून म्हणाली, "सांग."

मी सांगितलं. गालगुंड, फाटक, तिसरा आठवडा, चौथा आठवडा. सगळं. सांगताना शर्टाच्या गुंडीकडे बघत होतो.

ती म्हणाली, "एवढंच?"

मी म्हणालो, हो.

ती म्हणाली, "आम्हाला वाटलं तू तुरुंगात होतास. आई म्हणाली, नाहीतर एवढं कोण लपवतो? बाबांनी तर तुझ्यासाठी एक ओळखीचा वकीलही काढून ठेवला." मग पुन्हा विचारलं. "गालगुंड?"

"दोन्ही बाजूंनी," मी म्हणालो.

तिला हसू आलं, पण ते तिने गिळलं. म्हणाली, "माझं ठीक आहे. मी रागावले आहे, पण ते माझं मी बघेन. बाबांनी तुला जिममध्ये सगळ्यांसमोर आपला म्हटलं. त्यांना तू स्वतः सांगायचंस. मी सांगणार नाही, आईही नाही. फोन नको, पत्र नको. तू पत्र फार सुंदर लिहिशील आणि तेच मला नकोय."

शुक्रवारी चर्चमध्ये मासे तळायला बाबा असतात, तिथे ये, म्हणाली. आणि कप घेऊन गेली.

पत्राचा मसुदा दुपारच्या सुट्टीत तयार होता. फाडला. म्हणजे घडी घालून ठेवला.

२३ मार्च, गुरुवार

उद्यासाठी चार वाक्यं तयार केली. मिस्टर क्राइटर, मी तुमच्याशी खोटं बोललो. मी दहावीतून शाळा सोडली. दुसऱ्यांदा खोटं बोललो ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. मला माफ करा. आरशासमोर सोळा वेळा. आईने दार उघडलं, चारही वाक्यं ऐकली आणि हळूच दार लावून घेतलं. मग दाराआडून म्हणाली, "दुसऱ्यात 'सोडली' म्हणालास, ते चांगलं झालं."

मला आत्मविश्वास वाटतोय. लोक असल्या गोष्टींचा उगाच बाऊ करतात.

२४ मार्च, शुक्रवार. रात्री १०

सहाला पोचलो. लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांचा शुक्रवार, मांस बंद, त्यामुळे अर्धा साउथ साइड चर्चच्या तळघरात. मी रांगेत उभा राहिलो. चाळीस मिनिटं. चार वाक्यं ओठांवर ठेवली. समोरच्या बाईने दोनदा वळून पाहिलं.

मिस्टर क्राइटर कढईमागे. पांढरा एप्रन, घामाने लाल चेहरा. मला बघून त्यांचा हात एक क्षण थांबला. मी पुढे झालो आणि सगळी वाक्यं म्हणालो. चारही. क्रमाने. तोंडाकडे बघून. एक शब्द चुकला नाही. संपल्यावर पाय हलके झाले.

त्यांच्या डोक्यावर धूर ओढणारा मोठा पंखा चालू होता. त्यांनी कानामागे हात धरला आणि ओरडून विचारलं, "कोलस्लॉ की घेवडा?"

मागे रांग होती.

मी म्हणालो, "कोलस्लॉ."

मासा आणि कोबीची ती कोशिंबीर, असं ताट घेऊन कोपऱ्यात गेलो. जोलीन केकच्या टेबलावर होती. लांबूनच तिने भुवया उंचावल्या. मी मान हलवून हो म्हणालो. ती धावतच आली. "सांगितलंस? काय म्हणाले?"

मी म्हणालो, "सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांनी कोलस्लॉ दिला."

जोलीनने माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं. मी म्हणालो, माझ्या बाजूने विषय पूर्ण झाला आहे. ऐकणं हे ऐकणाऱ्याचं काम.  मी जेवेपर्यंत ती उभी राहिली. मासा चांगला होता. मग रिकामं ताट माझ्या हातातून काढून घेतलं आणि बोटाने रांगेचं शेपूट दाखवलं. शेपूट जिन्यावरून वर, बाहेर पार्किंगमध्ये गेलं होतं.

मी पुन्हा उभा राहिलो. माझ्यापुढे एक्कावन्न माणसं. मोजली. वाक्यं मोठ्या आवाजात म्हणायचं ठरवलं. पंख्यापेक्षा मोठ्याने. बाहेर गार होतं, बरं वाटत होतं. तासाभरात तेरा माणसं उरली. तेव्हा आत पंखा बंद झाला.

मासे संपले होते.

ते सांगायला मिस्टर क्राइटर स्वतः वर आले. एप्रनला हात पुसत, रांगेतल्या एकेकाजवळ थांबून, प्रत्येकाची माफी मागत. "संपले हो, सॉरी. पुढच्या शुक्रवारी लवकर या." लोक एकेक करून गेले. शेवटी माझ्यासमोर आले. पार्किंगमध्ये मग आम्ही दोघंच. पंखा नाही, रांग नाही. लांब कुठे एक कुत्रा भुंकत होता आणि तोही स्पष्ट ऐकू येत होता. ते दमले होते. तरी थांबले, नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. जणू त्यांनाही काही ऐकायचं होतं.

मग म्हणाले, "मासे संपले रे पोरा."

मी म्हणालो, "असू दे, मिस्टर क्राइटर. मी मघाशीच जेवलो."

एवढी एकच खरी गोष्ट मी आजवर त्यांना ऐकू जाईल अशी सांगितली आहे. त्यांनी मान हलवली आणि जिना उतरून आत गेले.